प्रागची गोष्ट सांगणाऱ्या मॅडम

"बरं, राजानं दिलं. मंग मांगतलं काय?"

इतिहासाच्या मॅडमचा हा ठरलेला प्रश्न. मध्ययुगाच्या शेवटी युरोपातले राजे विद्यापीठं काढत, त्यांना जमिनी देत, सनदा देत. एकेक राजा शिकवून झाला की मॅडम खडू खाली ठेवून हे विचारायच्या. कँटीनवाल्यानं एकदा चहासोबत फुकट भजी दिली, तर त्यालाही विचारलं. तो लाजून म्हणाला, "पोरीचा फॉर्म भरून द्या ना, मॅडम." तो त्यांनी हसत भरून दिला.

मी त्याच कॉलेजात कारकून. मॅडम तासिका तत्त्वावर, म्हणजे दरवर्षी नवी नेमणूक. अर्जुनी मोरगावकडून एसटीनं येत. आई धानाच्या रोवणीला, भाताची रोपं लावायच्या मजुरीला जाई. घरात कॉलेज पाहिलेल्या त्या पहिल्याच. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी कच्ची, शिकवणं पक्कं.

त्या वर्षी संस्थेच्या अध्यक्षांची सभा होती. तास बंद ठेवून सगळ्यांनी जायचं, असा तोंडी हुकूम आला. मॅडमनी तास घेतला. वर्गात तीन मुली. मी दाराशी उभा राहून ऐकलं.

प्रागच्या राजाला विद्यापीठाचा पाठिंबा हवा होता. बरेच मास्तर ऐकेनात, तेव्हा त्यानं विद्यापीठात कोणाची किती मतं हेच बदलून टाकलं. मग कितीतरी मास्तर आणि विद्यार्थी शहर सोडून निघाले. दुसऱ्या शहरात त्यांनी नवं विद्यापीठ उभं केलं.

"आपन कोठं जावाचं, मॅडम?" एका मुलीनं विचारलं.

मॅडमनी खडू खाली ठेवला. "आपण आज इथंच बसू," म्हणाल्या. "पुस्तक काढा."

पुढच्या वर्षी त्यांची नेमणूक झाली नाही. 'काम समाधानकारक नाही' हे पत्र मीच टाइप केलं आणि मीच त्यांच्या हातात दिलं.

"हे तुम्हाले खरं वाटते का, भाऊ?"

"मी फक्त टाइप करतो, मॅडम."

त्या रागावल्या नाहीत. "राजालेही हुकूम लिहाले शिकलेली माणसं लागत," एवढंच म्हणाल्या. "म्हणून तर विद्यापीठं काढून राहिले होते ते."

पोच म्हणून सही केली आणि पायऱ्या उतरून गेल्या. मी पोच फाइलला लावली.

त्या जागी अजून कोणी आलेलं नाही. वेळापत्रकात तास आहे, म्हणून घंटा होते. शिपाई रिकाम्या वर्गाचं दार उघडतो. तास संपला की मी जाऊन ते लावून घेतो.