खोक्याच्या फळीची गिटार

जॅझ म्हणजे नेमकं काय, हे मला आजही धड सांगता येणार नाही. पण त्या संगीतासाठी परदेशात बनणारी, पुढून फुगीर पोटाची, दोन्ही अंगांना व्हायोलिनसारख्या वाकड्या चिरा पाडलेली गिटार मी एकदा पाहिली आणि माझी झोप उडाली. वायरमनला कशाला हवीत असली थेरं, असं तेव्हा बऱ्याच जणांनी विचारलं. हवी होती. वायरमनला काय हवं असावं, याची यादी कुणी कारखान्याच्या फलकावर लावलेली नव्हती.

कारखाना म्हणजे आमच्याकडचा नवा सहकारी साखर कारखाना. आमचं गाव येरमाळ्याच्या अलीकडं, आणि गावापासून सायकलनं अर्ध्या तासावर हा कारखाना. बहात्तरच्या दुष्काळात त्या माळावरच्या रस्त्याची खडी माझ्या आईनं, वडिलांनी म्हणजे आबांनी आणि मी फोडली होती, दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी खाऊन. पुढं त्याच रस्त्यानं यंत्रं आली आणि मी सोलापुरात आयटीआय करून त्याच यंत्रांच्या तारा जोडायला नोकरीला लागलो. त्यामुळं त्या माळावर मी कधी पाहुण्यासारखा वागलो नाही.

पहिल्या गळिताच्या शुभारंभाला पुण्याचा ऑर्केस्ट्रा आला होता. ढोलक, ट्रम्पेट, ड्रम असा सगळा गदारोळ चालला होता आणि त्यातूनही ती गिटार वेगळी ऐकू येत होती. आवाज गोड नव्हता. कोरडा होता, पण प्रत्येक सूर सुटा, ठसठशीत. मी माइकच्या वायरी सांभाळत स्टेजच्या कडेला उभा होतो आणि वायरींकडं माझं अजिबात लक्ष नव्हतं.

माझ्याकडंही गिटार होती. सोलापुरात माझ्या खोलीशेजारी मिशनच्या गायनमंडळातला एक जण राहायचा. त्यानं मला शिकवलं आणि गाव सोडून जाताना आपली जुनी सपाट गिटार मला देऊन गेला. आमच्या वस्तीत गायन पार्टी होती. जयंतीला, बुद्धपौर्णिमेला, लग्नाकार्यात आम्ही गायचो. पेटी, ढोलकी, खंजिरी आणि गिटार. ढोलकी सुरू झाली की माझी गिटार वाजतेय की नाही, हे फक्त माझ्या बोटांना कळायचं.

कार्यक्रम संपल्यावर मी त्या गिटारवाल्याला गाठलं आणि आमच्या गायन पार्टीचं, माझ्या सपाट गिटारचं सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्यानं सांगितलं की हिचं पोट दाबून वाकवलेलं नाही, भरीव लाकडातून हातानं कोरलेलं आहे, बाहेरच्या देशातून येते, आणि मोठ्या वाद्यांत बुडत नाही म्हणूनच जॅझवाले ती घेतात. मी नुसता हात पुढं केला तर त्यानं गिटार पलीकडच्या खांद्यावर घेतली. म्हणाला, "हात नको लावू. तुमच्या भजनांना सपाट गिटार पुष्कळ झाली." आमची गाणी भजनं नव्हती, ही एक गोष्ट. पण मला खरा झोंबला तो 'पुष्कळ' हा शब्द. माझ्यासाठी काय पुष्कळ, हे ठरवायला मी त्याला बोलावलं नव्हतं.

पुढच्या गळिताच्या आधी कारखान्याचे समारंभ बघणाऱ्या साहेबांनी आमच्या पार्टीला निरोप धाडला. आम्ही हरखून गेलो. साहेब म्हणाले, पाहुण्यांच्या गाड्या यायला लागल्या की तुम्ही गेटवर उभं राहायचं आणि पाहुणे मांडवात बसेपर्यंत वाजवायचं.

"पूर्वीपासनं तुमच्याकडंच असायचं की हे," ते सहज म्हणाले. मला वाटतं, आपण काही वावगं बोलतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मी म्हणालो, "साहेब, आम्हाला स्टेज द्या."

"स्टेजवर ऑर्केस्ट्रा असतो. तुमच्याकडं काय, पेटी आन ढोलकी. त्या पुण्यावाल्यासारखी गिटार आना, दोन गाणी देतो." एवढं बोलून ते हसले, आणि टेबलाभोवतीचे सगळेच हसले. ती गिटार मी आणणं म्हणजे माझ्या सायकलला इंजिन बसवण्याइतकंच शक्य होतं, हे त्यांनाही ठाऊक होतं.

घरी येऊन आबांना सांगितलं. छप्पन साली धम्म घेण्याआधी आबा गावकीची हलगी वाजवायचे. लग्न दुसऱ्याचं, मिरवणूक दुसऱ्याची, आणि हे दाराबाहेर उभे. धम्म घेतल्यावर त्यांनी वाजवणं सोडलं. गावानं समजावलं, दम दिला, काही महिने शेतातलं कामही बंद केलं. आबा बधले नाहीत. माझं सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "गेटवर उभं राहनार असशील तर ह्या घरात परत यायचं न्हाय. स्टेजवर बसनार असशील तर माझं काय म्हननं न्हाय."

म्हणजे आता गिटार ही माझी हौस राहिली नव्हती. ती मिळाली तर स्टेज, नाही तर गेट, आणि गेट म्हणजे घर बंद. मी सोलापूरला गेलो. तिथल्या वाद्यांच्या दुकानात तशा चिरांची गिटार खरंच टांगलेली होती. मी तिच्या पोटावर टिचकी मारली. प्लायवूड साच्यात दाबून फुगवलेलं, वर चकचकीत रंग, आणि आवाज पुठ्ठ्याच्या डब्याचा. दुकानदार म्हणाला, "दिसायला डिट्टो तीच आहे." मला ती दिसायला नकोच होती, ऐकायला हवी होती. तसाच माघारी आलो.

अखेर वाट सापडली ती कारखान्याच्याच आवारात. आमच्याकडं ओतकामासाठी लाकडी नमुने करणारे एक मिस्त्री होते, माझ्या वडिलांच्या वयाचे. स्टोअरच्या मागं यंत्रांची रिकामी खोकी पडलेली असायची. येडशी स्टेशनावर उतरून ट्रकनं आलेली ती खोकी फोडून कॅन्टीनच्या चुलीत घालत. एकदा मिस्त्री त्यातली एक फळी उचलून बोटाच्या पेरानं ठोकत होते. फिकट पिवळं, सरळ रेषांचं, राळेचा वास येणारं लाकूड. फळी लांबपर्यंत घुमली. मी जागच्या जागी थांबलो.

"मिस्त्री, ह्याचं पोट कोरता येईल?"

"कुनाचं पोट?"

मी कोळशानं फरशीवर ती गिटार काढली. मिस्त्रींनी जन्मात गिटार हातात धरली नव्हती. फुगा किती, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी तळहात उपडा करून दाखवला. ते म्हणाले, "म्हंजे उपडी परात. कडंला पातळ, मधी जाड. हुईल की." स्टोअरकीपरनं चुलीच्या वाटणीच्या दोन फळ्या खुशाल दिल्या. बाकीचं सगळं माझ्या जुन्या गिटारचंच ठेवायचं, मान, पाठ, बाजू, आणि फक्त पुढचं सपाट पान काढून तिथं हे कोरलेलं पोट बसवायचं, असा आमचा बेत होता.

रोज पाळी सुटल्यावर आम्ही बसायचो. मिस्त्री पटाशीनं कोरायचे, मग फुटक्या काचेनं खरवडायचे, आणि दर थोड्या वेळानं पोट कानाशी धरून ठोकायचे. एका चिरेजवळ लाकडाची गाठ आली, ती तशीच ठेवली. पोट नुसतं वर ठेवून तारा ताणून बघितल्या तर त्या फुगीर पोटालाच टेकल्या, वाजणार काय कपाळ. मग मान सोडवून तिच्या बुडाशी पाचर मारली आणि मान मागं झुकवली. तारा अडकवायला भंगारातली पितळी पट्टी वाकवली. शेवटी पोट सरसानं चिकटवलं तेव्हा मिस्त्रींनी बजावलं, "सरस हाय. धगीपासनं लांब ठिवा."

वस्तीतल्या विहाराच्या अंगणात पहिल्यांदा वाजवली त्या दिवशी आमचा ढोलकीवाला, म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ, मुद्दाम हात सैल सोडून जोरजोरात वाजवत होता. दादाला बघायचंच होतं की ती बुडते का. बुडली नाही. ढोलकीच्या थापांमधून एकेक सूर सुटा निघत होता, कोरडा, ठसठशीत. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. पुण्याच्या त्या गिटारीची सर हिला नसेल. नसू दे. मला जे हवं होतं ते हिच्यात होतं. साहेबांपुढं नेऊन वाजवली, तर त्यांना शब्द फिरवता येईना. "बरं, दोन गाणी," ते म्हणाले, आणि या खेपेला कुणी हसलं नाही.

शुभारंभ सकाळचा होता. थंडी कडक पडली होती आणि रात्रभर दव पडून मांडवाचं कापडसुद्धा ओलं झालं होतं. मांडवाच्या मागं दादानं उसाच्या पाचटाचा जाळ केला, ढोलकी शेकायला. चामडं दवानं सैल पडतं, शेकलं की ताठ होऊन बोलतं, हे आमच्यात कुणाला शिकवावं लागत नाही. मी माइकची लाइन तपासायला गेलो. परत आलो तर दादाच्या हातात माझी गिटार, आणि तो ती जाळावर भाकरीसारखी अलटून पालटून धरत होता.

"गारठली हुती," तो मायेनं म्हणाला. "शेकलीय मस्त. आता लई बोलंल."

मी हातात घेतली. कमरेपासून खालपर्यंत सांधा उघडला होता. सरस पाघळला होता आणि तारांच्या ताणानं पोट एका बाजूनं उचललं जायला लागलं होतं. दादाला बोलणार कसा. पिढ्यान् पिढ्या आमच्या माणसांनी प्रत्येक वाद्यासाठी जे केलं तेच त्यानं केलं होतं. मिस्त्रींनी बजावलेलं मला होतं आणि ते मी त्याला सांगितलं नव्हतं. चूक माझी होती. पण दादाला कळलं तेव्हा तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

तेवढ्यात साहेब आले. त्यांनी गिटार पाहिली. मला वाटतं, त्यांना हायसंच वाटलं असावं.

"मोडली का? बरं झालं, येळेवर कळलं. चला मग गेटवर. गाड्या दिसायल्यात."

पेटीवाला माझ्याकडं बघायला लागला. दादानं ढोलकी गळ्यात अडकवली, कारण ढोलकी गळ्यात अडकवून निघायची सवय त्याच्या हाडांतच होती. मी म्हणालो, "दादा, ठेव खाली." मग माझ्या हत्यारांच्या पिशवीतून विजेच्या तारांना लावायची काळी चिकटपट्टी काढली. तारा ढिल्या केल्या, सांधा दाबून धरायला दादाला सांगितलं आणि गिटारच्या पोटापाठीवरून पट्टीचे वेढे दिले, बाळंतिणीचं पोट बांधतात तसे आवळून. पुन्हा तारा चढवल्या, एक सूर खाली लावून. पट्टी संपली तेव्हा कुठं मी साहेबांकडं बघितलं.

"गिटार आणा म्हणाला होतात. बांधलेली चालणार नाही असं म्हणाला नव्हता."

"चेअरमनसाहेबांनी बघितलं तर काय म्हनतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू द्या. गेटवर आम्ही उभे राहणार नाही. आज नाही आणि पुढंही नाही. त्या गेटपर्यंतच्या रस्त्याची खडी आम्ही फोडलीय, साहेब, आम्हाला आत यायची वाट माहीत आहे."

ते काही बोलायच्या आत आम्ही पायऱ्या चढलो होतो. त्यांना आम्हाला हाताला धरून खाली ओढावं लागलं असतं, आणि मांडवात माणसं बसायला लागली होती.

दोन गाणी गायलो. जाड तारा छेडल्या की पट्टी खरखरायची, म्हणून मी त्या दोन तारा सोडून दिल्या आणि उरलेल्या चारांवर वाजवलं. पोट सुटेल या धाकानं पहिल्या कडव्यात माझी बोटं अवघडलेली होती. दुसऱ्या गाण्याला धाक गेला. दादा तर असा वाजवत होता की जणू त्याला स्टेज फोडायचं होतं, आणि तरी गिटार त्याच्या थापांतून वर येत होती. टाळ्या बेताच्याच पडल्या. चेअरमन शेजारच्या पाहुण्याशी बोलत होते. आम्हाला त्याचं काही नव्हतं.

मला फक्त आबा दिसत नव्हते. येतो म्हणाले होते. मी पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत दोनदा नजर फिरवली. गिटार मोडल्याची बातमी त्यांच्या कानावर गेली असणार, आम्ही गेटवर गेलो असं समजून ते माघारी फिरले असणार, असं मनात आलं. कार्यक्रम संपताच गिटार दादाकडं देऊन मी बाहेर धावलो.

आबा गेटवरच होते. पांढरं स्वच्छ धोतर, धुतलेला सदरा, डोक्याला पटका. गेटच्या खांबाला लागून ताठ उभे. वॉचमन म्हणाला, म्हातारा दिवस उगवल्यापासून हितंच आहे, आत जा म्हटलं तरी ऐकत नाही.

"आबा, तुम्ही आत का आला नाहीत?"

"आत तू हुतास की."

"गिटार ऐकू आली का?"

"आली. हितवर आली."

मला आणखी काही ऐकायचं होतं. सायकल घेऊन मी त्यांच्या बाजूनं चालायला लागलो. खडीच्या रस्त्याला लागल्यावर ते आपणहून बोलले.

"हितं कुनीतरी वाजवायला उभं असनार, आसं धरूनच आल्ते सगळे पाव्हणे. गाडीच्या काचा खाली करून बघायलेते. म्या हुतो. दोनी हात मोकळे ठिवून हुबा हुतो. समद्यांनी बघितलं."