पडायला शिकवणाऱ्या बाई

“हनुवटी छातीला, श्वास बाहेर, मग पडा!”

मुलांनो, गेल्या आठवड्यात मी न्हाणीघरात घसरले आणि एकही हाड मोडलं नाही, हे ऐकून तुम्ही फोनवर विचारलंत, “आजी, जमलं कसं?” ते नीट लिहूनच सांगते. वरचं वाक्य आमच्या नाटकाच्या बाईंचं.

तेव्हा ग्वाल्हेर संस्थान होतं आणि मी तिथल्या लश्कर भागातल्या मुलींच्या हायस्कुलात होते. बाई ठेंगण्या, पदर कायम खोचलेला. तालमीआधी अंग मोकळं व्हावं म्हणून त्या आम्हाला मारामारी खेळायला लावत. गळा दाबणं, केस धरून फरफटवणं. केस धरलेलीने धरणारीच्या मनगटाला लोंबकळायचं, म्हणजे डोकं दुखत नाही.

सर्वांत लाडका खेळ थप्पड फिरवण्याचा. बारा जणी गोलात. पहिलीने दुसरीच्या गालासमोरून हात फिरवायचा. दुसरीने छातीशी टाळी वाजवून कोसळायचं, पडल्यापडल्या तिसरीकडे हात फेकायचा. बाई म्हणत, “मारणारीने हात आवरायचा. आवाज मार खाणारीचा.”

सराफ्यातली शालू एकदा म्हणाली, “बाई, नाटक राजकन्येचं, मग एवढी पिटाई कशाला?”

“राजकन्यांच्या घरी कमी होते होय? चल बेटा, पड.”

आमच्या घरी शिंदे की छावनीत मोठ्या काकांचा शब्द शेवटचा. फौजेतून निवृत्त झाले तरी घोड्याचा चाबूक हातातच. मी नाटकात विजार घालून सेनापती होणार, हे त्यांच्या कानावर गेलं. मला शाळेतून काढून उजवून टाकायचं त्यांनी ठरवलं आणि ते थेट तालमीच्या दालनात शिरले. आमची थप्पड फिरत होती.

“बहुत हो गया तमाशा! चल घरी,” म्हणाले आणि माझ्या कानशिलात दिली. मी पडले.

शेजारच्या शालूला वाटलं, बाईंनीच कुणाला बोलावलंय. तिने टाळी वाजवली आणि कोसळली. मग तिसरी, चौथी. हसत हसत साऱ्या गोलात पडल्या. माझ्या ओठातून रक्त येतंय हे फक्त बाईंना दिसलं.

काकांनी चाबूक उचलला. बाई मध्ये आल्या.

“आता माझी पाळी, रावसाहेब.”

पहिला फटका त्यांच्या डाव्या कानावर बसला. टाळी नाही. दुसरा गालावर, तिसरा मानेवर. खांदा रक्ताने भिजला. आम्हाला पडायला शिकवणाऱ्या बाई पडल्या नाहीत. एकेक करून आम्ही उठलो आणि त्यांच्यामागे उभ्या राहिलो. काका हात खाली करून निघून गेले.

त्या संध्याकाळी माझ्या वडिलांनी जन्मात पहिल्यांदा थोरल्या भावाला उत्तर दिलं, “दादा, पोरगी शाळेत जाईल.” मी गेले. बाईंना मात्र, मुलींना मारामारी शिकवतात म्हणून, महिन्याभरात काढून टाकलं.

त्यांचा टांगा जयेंद्रगंजमधून स्टेशनकडे निघाला तेव्हा आम्ही डाव्या बाजूने धावत होतो, “बाई! बाई!” म्हणून ओरडत. तो कान चाबकाने कायमचा गेला होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

पुढे त्यांचं काही कळलं नाही. शालू गेली, ते दालनही पाडलं. पडायचं कसं, ते मला अजून येतं.