मढच्या खडकावरचा मास्तर

बोरिवलीच्या हॉलात माझ्या साडूची शोकसभा चालली होती. हेडमास्तर म्हणून रिटायर झालेला, साठीनंतरही डोंगर चढणारा, बायकोपोरीत रमणारा. सगळे नुसते कौतुक करत होते. खिडकीतून सुक्या बोंबलाचा वास आला आणि माझं डोकं फिरलं.

तीस वर्षांपूर्वी मढच्या किनाऱ्यावरही असाच वास होता. हा शहाणा बायकोला आणि सात वर्षांच्या पोरीला घेऊन चिखलातून लांबच्या खडकावर निघाला.

मी म्हटलं, "मास्तर, जाऊ नका. मागची घळ आधी भरते, परतीची वाट बुडते."

"पेपरात भरती तीनची दिलीय, तात्या. तुम्ही पेपर वाचत नाही ना!"

माझी बायकोसुद्धा हसली. मी चौथी नापास माणूस, काठावरून घळीवर नजर ठेवून बसलो.

दोनलाच घळ भरली. मी छातीभर पाण्यात शिरलो. त्याने पोरगी माझ्या खांद्यावर दिली आणि बायकोला आणायला परत खडकाकडे वळला. दोघं खारं पाणी ओकत कशीबशी काठाला लागली. पुढे तीस वर्षं हा किस्सा त्याने रंगवून सांगितला. त्यात मी कधीच नव्हतो.

सभा संपल्यावर तीच पोरगी माझ्या पाया पडली. म्हणाली, "काका, बाबांना पोहता येत नव्हतं. तुमचं नाव घेतलं असतं तर मला तुमच्याकडे का दिलं तेही सांगावं लागलं असतं. लाज वाटायची त्यांना."

पोहता येत नाही, आणि परत वळला! तिथेच कानाखाली वाजवायला हवी होती. आता कुणाच्या वाजवू?