रविवारचं पाणी

कल्याणच्या वर, उल्हास नदी जिथं खडकांतून अरुंद होते, तिथं आमचं घर होतं. माझा थोरला भाऊ, आम्ही त्याला दादूस म्हणायचो, वरच्या गावांतलं गवत होडीत भरून कल्याणच्या बाजाराला न्यायचा. मी नदीकडे पाठ फिरवली होती. जवळच्याच कापडगिरणीत मागावर कामाला होतो आणि त्याचा मला नको तितका ताठा होता.

पावसाळा सरला की नदीत जे पाणी असे ते बहुतेक घाटावरच्या धरणांचं. गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या वीजघराची चाकं फिरवून ते खाली यायचं. सकाळी सोडलेलं पाणी दुपारी आमच्या खडकांत पोचायचं आणि गुडघ्याचं बघता बघता छातीला लागायचं. रविवारी मात्र ते फारसं यायचंच नाही. म्हणून होडीवाले खडकांतला हा उतार रविवारीच पार करत. दोघांनी पाण्यात उतरायचं, पुढून-मागून दोर धरायचे आणि भरलेली होडी पायापायानं खाली न्यायची. बापाच्या वेळेपासूनची रीत.

रविवारीच का, ते दादूसला मी सांगितलं होतं. एकदा जेवताना शहाणपणा पाजळत म्हणालो, "आयतवारी गिरन्या बंद. आमी निजताव म्हनून तुजी नदी निजते." तो घास हातात धरून हसत बसला.

स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. विजेची टंचाई झाली आणि गिरणीच्या फाटकावर नोटीस लागली. सगळ्या गिरण्यांना आता एकाच दिवशी सुट्टी नाही, आमची यापुढे बुधवारी. मराठी, गुजराती, इंग्रजी, तिन्ही भाषांत लावली होती. नदीकाठी एकाही भाषेत नाही. मी ती वाचली आणि काय केलं? रविवार बुडाला म्हणून दोन शिव्या हासडल्या. बस्स, एवढंच.

त्या पहिल्या रविवारी वहिनीनं माझा डबा बांधला. दादूस दोर खांद्यावर टाकत म्हणाला, "आयतवारी पन गिरन? आमचाच धंदा बरा रं!" मला राग आला. डबा उचलून चालू लागलो. त्या दिवशी वीज एकदाही गेली नाही. माझे माग सुरेख चालले.

संध्याकाळी परतलो तर अंगणात माणसं जमलेली. होडी उताराच्या मध्यावर असताना पाणी आलं होतं. जोडीदारानं दोर सोडून खडक धरला, तो वाचला. दादूसनं दोर मनगटाला गुंडाळून घेतला होता, एवढी त्याला रविवारची खात्री. होडी फिरली आणि त्याला ओढून घेऊन गेली. बुधवारी तो सापडला. मला रजा मागावी लागली नाही.

मग वीजघराचे कुणी साहेब आले. "नदीत उतरायला सांगितलं कुणी तुम्हाला?" असं आम्हालाच विचारून गेले. महिन्याभरानं खडकावर पाटी लागली, 'पाण्यात उतरू नये'. पाणी कधी सोडतात ते तिच्यावर नव्हतं. त्या साहेबांना मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या. ते सोपं होतं. निदान त्यांना दादूस ठाऊक नव्हता, त्याची होडी ठाऊक नव्हती.

वहिनीनं मला एकदाच विचारलं. माझा डबा घासत होती. मान वर न करता म्हणाली, "भावजी, गिरन चालू म्हंजे पानी येनार, ह्या तुमच्या ध्यानान आला नव्हता का?"

"मला काय ठाऊक, वहिनी," मी म्हणालो.

ती डबा घासत राहिली. नदीच्या झोपेची ती गंमत मी सांगितली, त्या दिवशी आम्हाला वाढत तीच होती, आणि दादूसपेक्षा मोठ्यानं हसली होती.