अक्कांच्या मनगटावरचा सूर

अक्का रेकॉर्डिंगवर नाचायला कधीच तयार नसत. "त्याला डोळे नसतात गे," त्या म्हणत. "मी थांबले तरी ते आपलं पुढेच जातं." भरतनाट्यम शिकवणाऱ्या अक्कांनी साठी ओलांडली होती. नाचता नाचता एखाद्या ओळीवर थांबून राहणं ही त्यांची खासियत. यशोदा कृष्णाच्या तोंडात डोकावते त्या जागी हात अर्धवट उचलून त्या इतका वेळ उभ्या राहत, की बघणाऱ्यांचा श्वास अडकावा. तेवढा वेळ गाणाऱ्याला सूर धरून ठेवावा लागे.

वर्षानुवर्षं तो सूर धरला त्यांच्या थोरल्या बहिणीनं. तिला त्या कानडी पद्धतीनं दोड्डक्का म्हणत. मराठी घराणं शेकडो वर्षांपूर्वी इकडे कर्नाटकात आलेलं. घरात मराठीच, पण तिच्यात स्वल्प, सरी असे कानडी शब्द मुरलेले. दोड्डक्का गेली आणि अक्कांनी चाळ पेटीत ठेवून दिले. वर्ग चालू राहिला, पण स्वतः त्या उभ्या राहिल्या नाहीत.

मी नागपूरची, नोकरी बंगळूरच्या बेळ्ळंदूर भागात. दर शनिवारी सकाळी मारतहळ्ळीहून बस बदलत चामराजपेटला त्यांच्याकडे शिकायला जायचे. नाच बेताचाच. "तुझे पाय अजून ऑफिसातच आहेत," असं त्या न रागावता सांगत. ऑफिसात माझं काम होतं मनगटावर बांधायच्या, हालचाल मोजणाऱ्या पट्ट्यांचं. एकदा अक्कांनी दोड्डक्काच्या रियाजाचं जुनं रेकॉर्डिंग ऐकवलं आणि माझ्या डोक्यात एक कल्पना शिरली. दोन-तीन महिने खपून मी त्यांच्या उजव्या मनगटासाठी एक पट्टा तयार केला आणि तो त्या रेकॉर्डिंगला जोडला. हात हळू झाला की गाणं हळू होई. हात थांबला की सूर तिथेच लांबत राही.

पहिल्या दिवशी अक्कांनी हात उचलला आणि मध्येच थांबवला. दोड्डक्काचा सूरही थांबला. अक्का हलेचनात. काही बिघडलं की काय म्हणून मी जवळ गेले, तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "थांबली गे," त्या म्हणाल्या. "माझ्यासाठी थांबली."

त्यांनी पुन्हा चाळ बांधले. बहिणीच्या स्मृतिदिनी घरच्यांपुढे आणि विद्यार्थिनींपुढे नाचायचं ठरवलं. सराव रोज सुरू झाला. पदर खोचून उभ्या राहिल्या की वाटे, यांचं वय कुणीतरी चुकीचं सांगितलंय.

मग एका शनिवारी त्या म्हणाल्या, दोड्डक्काचा आवाज कापतोय. खरंच कापत होता, तोही नेमका लांबलेल्या सुरावर. मी बॅटरी बदलली, जोडण्या तपासल्या, दुसरा पट्टा आणला. तोही कापला. शेवटी तोच पट्टा मी स्वतःच्या हाताला बांधला. सूर सरळ, तारेसारखा. अक्कांच्या डाव्या हाताला बांधला, तरी सरळ. पुन्हा उजव्या हाताला बांधला आणि आवाज थरथरू लागला. त्यांचा हात मी निरखून पाहिला. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पण पट्ट्याला कळलं होतं, आणि आता मला.

मी पट्ट्याच्या प्रोग्रॅममध्ये थोडा बदल केला, बारीक थरथर गाळून टाकली आणि दुरुस्त झालं म्हणून सांगितलं. पंधरा दिवस गेले. सराव चालू असताना अक्का मध्येच थांबल्या आणि खाली बसल्या. "आता ती माझ्यासाठी थांबत नाही," त्या म्हणाल्या. "तिला उशीर होतो. थांबणं वेगळं आणि उशीर वेगळा. काय केलंस तू?"

मग मात्र सगळं सांगावं लागलं: हाताची थरथर, ती गाळली ते, आणि गाळण्यात सूर क्षणभर मागे पडतो तेही. मी म्हटलं, पट्टा डाव्या हातावर बांधू. त्यांनी विचारलं, "आणि उजव्याचं काय करू?" मी त्यांच्या हातावरचा पट्टा सोडवू लागले. "माझ्या हाताचं माझ्याआधी तुला कळलं होतं," एवढंच म्हणून त्या आत कॉफी करायला गेल्या. कपबशीची किणकिण मला बाहेर ऐकू येत होती.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषधं सुरू झाली. कधी लागू पडत, कधी नाही. स्मृतिदिन आला तोवर थरथर कुणालाही दिसावी इतकी वाढली होती. कार्यक्रम त्यांनी स्वतःच रद्द केला. मी रात्रंदिवस डोकं लावलं असतं तरी त्या आवाजापलीकडे काही दुरुस्त करू शकले नसते. पुढे डावा हातही कापू लागला. वर्ग बंद झाला, आणि भाचीनं त्यांना म्हैसूरला न्यायचं ठरवलं.

निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तर अक्कांनी पट्टा मागितला. म्हणाल्या, तू गाळलंस ते सगळं परत घाल. मी घातलं. खुर्चीत बसूनच त्यांनी यशोदेचा हात उचलला. दोड्डक्काचा आवाज निघाला तो जागोजाग तुटत, थरथरत. मला ऐकवेना. मी बंद करायला पुढे झाले, तेव्हा अक्कांनी मानेनंच नको म्हटलं.

"असू दे गे," त्या म्हणाल्या. "राहिली असती तर आता अशीच गायली असती. माझ्याबरोबर तीही म्हातारी झाली."