डाव्या अंगावर बसणारी गाडी

टेंभुर्णीच्या शिवारात भुजंगनानांइतक्या वेळा मोटरसायकल कुणी पाडली न्हाई. आन् 'पडली' हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून कधी निघाला न्हाई. 'बसली' म्हणायचे. बैल बसतो तशी बसली.

सत्त्याऐंशीला कपाशी बरी पिकली, तवा नानांनी जालन्याहून जुनी राजदूत आणली. वय बेचाळीस, उंची पाच फुटाला दोन बोटं कमी. आठ दिवसांत चालवायला शिकले आन् चालवायचे बी चांगली, खोटं कशाला बोलू? मागं खताचं पोतं बांधून चिखलातून बिनघोर जायचे. पण चालवणं येगळं आन् थांबवणं येगळं. पंचवीस वर्षं डाव्या हातात कासरा धरलेला माणूस. थांबायची वेळ आली की तोंडातून 'होऽऽ' निघायचं आन् डावा हात आपसूक अंगाकडं ओढला जायचा. कासरा ओढला की बैल उभा राहतो, मोटरसायकलचं मुंडकं फिरतं. त्यात नानांचा पाय भुईला पुरता टेकत नव्हता, नुसता अंगठा लागायचा. मंग गाडी हळूच, लाजल्यासारखी, डाव्या अंगावर आडवी व्हायची. दर खेपेला डाव्याच. पारावरची माणसं म्हणायची, नानाच्या जोडीतला डावा बसका हाय, बाजारात नेऊन बदलून आणा.

म्हणून नाना पाय टेकायला ओटा बघून थांबायचे. ज्याच्या दारात ओटा, त्याच्याच घरी त्यांचा चहा. त्यांचा सख्खा साडू कडूबा, त्याच्या दारात ओटा नव्हता. दोन वर्षं नाना त्याच्या घरी गेले न्हाईत. तो बिचारा बायकोला इचारत राह्यला, आपलं काय चुकलं म्हणून.

खुद्द नानांच्या शेतातल्या वस्तीवर बी ओटा नव्हता, पण तिथं नंदा होती. नंदा म्हणजे नानांची थोरली लेक, विशीतली, नववी पास. अंगणात धप्पकन आवाज झाला की ती चुलीपासून उठायची. गाडीकडं पाठ करून खाली बसायची, हात मागं नेऊन एक हँडलला अन् एक सीटखाली घालायची, आन् पायांच्या जोरावर अशी उठायची की गाडी तिच्यासंगं उभी. स्टँड लावायची, परत चुलीपाशी. तव्यावरची भाकर करपायच्या आत हे सगळं व्हायचं. बाप 'बसली गं' म्हणायचा. ती तवर भाकर उलटायची.

नव्वद साली दिवाळीनंतर तिला तिसरं स्थळ आलं. पहिले दोन येऊन गेल्ते. एकानं काळी म्हटली, दुसऱ्यानं थोराड. हे तिसरं चांगलं होतं. गिरिधरराव मूळचे पिंपळगाव रेणुकाईचे, आता जालन्याला हापिसात मोठे कारकून, मुलगा बियाण्याच्या कंपनीत. आधी बाप एकटा येऊन बघणार, त्याला पटली तर मुलगा येणार. नानांच्या घरच्या, साळूबाई, त्यांनी चार दिवस आधीपासून घोकलं की पाहुण्याला फाट्यावरून बैलगाडीनं आणा. नानांना ते पटलं न्हाई. शहरातल्या माणसाला बैलगाडीत बसवलं तर पोरगी अडाण्याची हाय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. गेले राजदूत घेऊन.

नंदानं हाक मारल्याबिगर बिलकुल भाहीर यायचं नव्हतं. नवी साडी नेसून, तेल-वेणी करून आतल्या खोलीत बसायचं, हाक मारली की पोह्याचं ताट घेऊन यायचं, पाटावर बसायचं, इचारलं तेवढंच बोलायचं.

वाटेनं नानांनी पाहुण्याला सांगितलं की तीन वर्षं झाली, गाडीला ओरखडा न्हाई. गिरिधरराव पांढरा बुशशर्ट घालून, मांडीवर पिशवी धरून मागं बसले होते. हूं हूं म्हणत आले.

अंगण सकाळी सारवलेलं, अजून ओलं. आम्ही शेजारची चारपाच माणसं घोंगडीवर बसलो होतो. साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या. नाना आले, 'होऽऽ' म्हटलं, आन् गाडी बसली.

नानांना सवय, ते बाजूला उडी मारून उभे राह्यले. गिरिधररावांचा पाय गाडीखाली. आम्ही उठलो खरे, पण उठून जागीच थांबलो. तीन वर्षांत ती गाडी उचलायचं काम आमच्यापैकी कुणाकडं आलंच नव्हतं.

तेवढ्यात नंदा भाहीर आली. आवाज ऐकला आन् पाय निघाले, दुसरं काय. नव्या साडीचा ओचा खोचलेला. पाठ लावली, बसली, उठली. गाडी उभी. स्टँड लावला, हात झटकले, आन् मंग तिला खाली पडलेला माणूस दिसला.

पदर डोक्यावर घ्यायचं तिला आता आठवलं. गिरिधरराव शेणाच्या सड्यात पडल्या पडल्या म्हणाले, "बाई, ही रोजच पडती का?"

नानांनी मागून डोळे मोठे केले. पण नंदा इचारलं तेवढंच बोलणारी.

"रोज न्हाई, काका. नाना घरी आले तरच."

पुढं पोहे झाले. पाटावर बसवून बघायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळं कुणी नाव इचारलं न्हाई, शिक्षण इचारलं न्हाई. पाहुण्यानं गुडघा चोळत चहा घेतला आन् घरी इचारून पत्र टाकतो म्हणाले. ह्याचा अर्थ वस्तीवरच्या कुत्र्याला बी ठाऊक होता. पहिले दोघं हेच बोलून गेल्ते आन् पोस्टमन काही आला नव्हता.

साळूबाई नवऱ्याला दाराआड म्हणाल्या, "गाडी बसवली ते बसवली, पोरगीबी घरात बसवली तुमी."

चारची एस.टी. गाठायची होती, बैल जुंपायला वेळ नव्हता. पुन्हा राजदूतच. त्यापुढचं नानांनी मला आठ दिवसांनी सांगितलं, 'पडली' हा शब्द गाळून.

फाटा दिसताच गिरिधररावांनी गाडी थांबायच्या आधीच मागून उडी टाकली. माणूस हुशार, एका खेपेत शिकला. एस.टी. उभीच होती, खिडकीशी जाऊन बसले. नानांनी गाडी वळवायला घेतली, समोरून शेळी आली, तोंडातून 'होऽऽ' गेलं, आन् भरल्या एस.टी.समोर गाडी बसली. आतली माणसं हसली. कंडक्टर बी हसला.

गिरिधरराव पिशवी घेऊन खाली उतरले. का उतरले ते नानांना अजून उमगलं न्हाई. एकानं हँडल धरलं, एकानं मागचं कॅरिअर. गुडघ्यापर्यंत आली आन् गेली खाली. पुन्हा धरली, पुन्हा गेली. पेट्रोल गळून बुशशर्टाला वास लागला, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, तिसऱ्यांदा गिरिधररावांनी हातानंच जा म्हणून सांगितलं. एस.टी. गेली. दोघं मैलाच्या दगडाला टेकून धापा टाकत बसले.

"भुजंगराव, वजन किती असंल हिचं?"

"सव्वा क्विंटलाच्या जवळ. पेट्रोल धरून."

"आन् ती एकटी उचलती."

"हाव. दिवसातून दोनदा बी."

गिरिधररावांनी आडव्या गाडीकडं बघितलं. मंग म्हणाले, "आमच्या घरात चार बाप्ये हायेत. गॅसची टाकी हलवायची म्हटलं की शेजाऱ्याला हाक मारतेत." चष्मा पुसला, डोळ्यावर चढवला. "पत्राचं राहू द्या. तिथी काढा."

नाना म्हणाले, "काढू की. पहिले हिचं काय करायचं ते सांगा."