दयारामच्या तळ्यावरचा शेवटचा ठिपका

दयाराम खोटं बोलेल, हे रेवदंड्याच्या बाजारात कुणालाच पटलं नसतं. तळ्यातला जिताडा मासा अजून पुरेसा वाढलेला नसला, तर मागायला आलेल्या पाहुण्यालाही तो तोंडावर सांगायचा, "औंदा न्हाय. पुढल्या वर्षी ये." तीस वर्षं कंपनीत फिटर म्हणून काढून तो गावी परतला, तेव्हा खाडीकाठच्या त्याच्या शेतात खारं पाणी शिरून भात पिकेनासं झालं होतं. त्यानं तिथंच तळं खणलं, खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून सोडली आणि बायकोला, तुळशीला म्हणाला, "आता ह्येच आपलं शेत."

एका ऑक्टोबरात अलिबागहून रिक्षा करून एक मुलगी बांधावर आली. मृणाल तिचं नाव. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत कामाला. तिनं मोबाइल पुढं धरला. नकाशावर दयारामच्या तळ्याभोवती लाल ठिपक्यांचा पुंजका पडला होता.

"काका, इथं एक मासेमार घार येते का? पोट पांढरं, डोळ्यांवरून काळा पट्टा?"

"येते की. पाण्यात पाय सोडून उडी मारते ती. दर हिवाळ्यात एखादी असतेच."

"यंदाची ती पहिल्यांदाच आलीय. जूनमध्ये सायबेरियातल्या एका तळ्याकाठी जन्मली. तिथल्या लोकांनी तिच्या पाठीवर यंत्र बसवलंय. ती जाईल तिथून ते उपग्रहाला खबर देतं."

मग तिनं बोटानं नकाशा वर सरकवला आणि सगळी वाट दाखवली. डोंगर, मग वाळवंट. वाळवंटावर तीन दिवस कुठं थांबा नाही. सिंधच्या किनाऱ्याशी येऊन ती दोनदा समुद्रावर गेली आणि दोन्ही वेळा मागं फिरली. मग कच्छ, खंबात आणि खाली रेवदंड्याची खाडी.

"आईबापाच्या मागनं आली आसंल," दयाराम म्हणाला.

"नाही. आई आधीच निघून जाते. पिल्लू एकटंच निघतं."

दयाराम बराच वेळ त्या लाल रेघेकडे बघत राहिला. एवढी वर्षं हा पक्षी त्याच्या डोक्यावरून जात होता, आणि तो कुठून येतो हे त्यानं कधी कुणाला विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी मृणालला निरोप पाठवू लागला. सात वाजून दहा मिनिटांनी आली. बोय धरली. आज दोनदा चुकली. घार जिताड्याच्या वाटेला फारशी जात नव्हती. वरवर पोहणारे बोयीसारखे लहान मासे उचलायची. पहिल्या महिन्यात तीनांतली एक उडी साधायची, जानेवारीत तीनांतल्या दोन. हे सांगताना दयारामच्या आवाजात असं काही यायचं, की तुळशी हसायची. "लेक शाळेत पयली आल्यासारखं सांगताव."

जिताड्यांवर खरा डोळा होता पाणकावळ्यांचा. फेब्रुवारीत त्यांचा थवाच उतरला आणि वीतभर वाढलेली पिल्लं दिवसागणिक कमी होऊ लागली. तुळशीचा भाऊ अंबाजी म्हणाला, "तळ्यावर नायलॉनचा बारीक दोरा आडवातिडवा बांध. पाणकावळा उतरायचा न्हाय." दोघांनी मिळून एका दुपारी तळ्यात खांब रोवून तो बांधला.

दोन दिवसांनी मृणाल आली आणि दोरा बघून बांधावरच थांबली.

"काका, हा वरून दिसत नाही. ती जोरात खाली येते. एक तर काढा, नाहीतर याला कापडाच्या चिंध्या बांधा. सगळीकडे, हातहातभर अंतरावर."

"बांधतू ना. माणगावला भाचीचं लगीन हाय, तिकडनं आलू का बांधतू."

"आज नाही जमणार?"

"दोन दिसांनी काय व्हतंय?"

लग्नाहून परतल्यावर चहाही न घेता तो तळ्यावर गेला. मधल्या खांबापाशी दोरा ताणून पाण्यात गेला होता. त्यानं ओढला, तर दोन्ही पंख गुंडाळलेली घार वर आली. पाठीवरचं यंत्र चिखलानं माखलं होतं.

तुळशी मागून आली. "पोरीला फोन करा."

"करतू."

पण त्यानं फोन केला नाही. मृणाल इथंच उभी राहून काय म्हणाली होती, तेच त्याच्या कानात घुमत होतं. बांधात खड्डा काढून त्यानं घार यंत्रासकट पुरली. मग दोरा सोडवला, तो पुरा सोडवायला त्याला संध्याकाळ झाली.

तिसऱ्या दिवशी मृणालचाच फोन आला. "काका, शेवटचा ठिपका तुमच्या तळ्यावर आहे. पुढं काहीच नाही. तुम्हाला दिसली का?"

"मी लग्नाला व्हतू. मना न्हाय दिसली."

"मग यंत्रच बिघडलं असणार. काही झालं असतं, तर तुम्ही सांगितलंच असतं."

पावसाळ्यात ती एकदा बोलता बोलता म्हणाली, की त्या वर्षी आणखी दोन यंत्रं अशीच गप्प झाली. सायबेरियातल्या लोकांनी तसली उरलेली सगळी यंत्रं सदोष धरून बनवणाऱ्यांकडे परत पाठवली आणि यंदाच्या एकाही पिल्लाला बसवली नाहीत. दयारामनं फोन ठेवला. त्या दिवशी तो जेवला नाही.

नोव्हेंबरात तळ्यावर पुन्हा एक मासेमार घार आली. दयारामनं फोटो पाठवला, तसा मृणालचा लगेच फोन. "काका, तीच असेल का? पाठीवरचं यंत्र गळून पडलं असेल. तसं असेल तर अहवालात लिहिता येईल, जगली म्हणून."

"लिवू नको, बाय," तो म्हणाला. "ती न्हाय ती. ती माझ्या दोऱ्यात मेली. मी पुरली तिला."

मृणालनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती आली. पायातली खुणेची कडी आणि यंत्र तरी मिळतंय का, एवढंच तिनं विचारलं. पण ऑगस्टच्या उधाणात बांध त्याच जागी फुटला होता आणि जेसीबीनं नवी माती टाकली होती. दयारामनं कुदळ घेतली, दुपारपर्यंत खणलं. हाताला फोड आले. शेवटी मृणालच म्हणाली, "पुरे, काका. गेली ती."

ती बांधावर बसून वहीत लिहू लागली. तारीख विचारली, त्यानं सांगितली. मृत्यूचं कारण लिहायची वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "माझं नाव लिव."

"नावाला जागा नाही यात," ती म्हणाली आणि तिनं लिहिलं: तळ्यावरचा नायलॉनचा दोरा.

ती रागावली नाही. तुळशीनं दिलेला चहा घेतला, कप विसळून ठेवला आणि रिक्षात बसली. दयारामचे निरोप अजून रोज सकाळी जातात. ती ते वाचते, हे त्याला मोबाइलवर दिसतं. उत्तर मात्र येत नाही.